मैदानातील मैफल आणि घरातील प्रेक्षक

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील दुग्धव्यवसायी शेतकरी मायकेल ईव्हिस यांनी १९७० सालच्या सप्टेंबरात आपल्या कुरणावर एक संगीतमेळा भरविला. प्रवेशमूल्य एक पौंड, आणि त्यात शेतावरचे दूध फुकट. जमलेली मंडळी दीड हजाराच्या आसपास होती. ग्लास्टनबरी महोत्सव या नावाने पुढे जगभर प्रसिद्धी पावलेल्या या मेळ्याला आता दोन लाखांहून अधिक माणसे लोटतात. गवताला विसावा मिळावा म्हणून अधूनमधून एखादे वर्ष तो भरत नाही. भरतो तेव्हा तिकिटे तासाभरात संपलेली असतात. १९९४ साली चॅनेल फोरने आणि १९९७ पासून बीबीसीने या कुरणावर कॅमेरे नेले. २०२३ साली तेथे झालेले एल्टन जॉन यांचे गायन बीबीसीवर सरासरी ७३ लाख लोकांनी पाहिले. मैदानातील एका माणसामागे घरात बसलेली पस्तीस माणसे, असे हे प्रमाण पडते.

या पस्तीस जणांच्या पदरात नेमके काय पडले? त्यांनी संगीत ऐकले, की दुसऱ्यांनी केलेली मौज दुरून पाहिली? खुल्या मैदानातील संगीत महोत्सव पडद्यावर पाहण्यात वेळ घालवावा की नाही, हा प्रश्न केवळ विलायतेपुरता नाही. आपल्याकडेही मांडवातील मैफिली पडद्यावर येऊ लागल्या आहेत आणि ‘त्यात काही राम नाही’ असे म्हणणारे जाणते श्रोते गावोगाव भेटतात. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही.

महोत्सव ही नुसती पाहण्याची गोष्ट नसून तेथे जाऊन राहावे लागते, हा त्यांचा पहिला मुद्दा. बीबीसीचे कॅमेरे प्रथम ग्लास्टनबरीला पोचले त्याच वर्षी, १९९७ साली, पावसाने कुरणाचा असा चिखल केला की ते वर्ष अजून त्या चिखलाच्या नावाने ओळखले जाते. त्या चिखलात ज्याने तीन दिवस काढले त्याने ऐकलेले गाणे आणि कोरड्या दिवाणखान्यात ऐकलेले गाणे एकच असणार नाही. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला वर्षानुवर्षे जाणारा श्रोता हेच वेगळ्या शब्दांत सांगेल. डिसेंबरातील गारठा, अंगावरची शाल, बैठकीत शेजारी लाभलेला अनोळखी पण तयार कानाचा माणूस, आणि ज्याचे नावही ठाऊक नव्हते अशा तरुण गायकाने अनपेक्षितपणे लावलेला षड्ज, या सर्वांचा मिळून तो महोत्सव होतो. शिवाय तेथे वाट पाहावी लागते. एखादा गायक रंगत नाही, तंबोरे जुळत नाहीत, विलंबित ख्याल अर्धा तास नुसताच चाचपडत राहतो. आणि मग एखादी जागा अशी येते की मागचा सारा वेळ सार्थकी लागतो. घरातल्या प्रेक्षकाच्या हाती बटण असते. त्याला वाट पाहण्याचे कारण उरत नाही आणि त्यामुळे त्या जागेची किंमतही त्याला कळत नाही.

हे सर्व मान्य करूनही या आक्षेपात एक गफलत आहे. मैदानात जाणारा प्रत्येक जण कलावंतासमोर बसतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दोन लाखांच्या मेळ्यात मंचावरील माणूस मागच्यांना अंगठ्याएवढाही दिसत नाही. तेथे लावलेल्या प्रचंड पडद्यावरच ते त्याला पाहतात. ‘सवाई’च्या मांडवातही मागील खुर्च्यांवरचा श्रोता पडद्याकडेच डोळे लावून असतो. ध्वनीची कथा याहून चमत्कारिक आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मंचापासून शंभर मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या कानी तबल्यावरची थाप पोचायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्या अंतरावर पुरेसा आवाज जावा म्हणून मध्येच मनोऱ्यांवर वेगळे ध्वनिवर्धक बसवितात. आणि पुढून हवेतून येणारा आवाज व मनोऱ्यावरचा आवाज एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मनोऱ्यांकडे जाणारा ध्वनी यंत्राने मुद्दाम थोडा रोखून धरतात. वारा फिरला तर तोही आवाज हेलकावतो. याउलट घरी येणारा ध्वनी कलावंतापुढच्या मायक्रोफोनमधून थेट निघालेला असतो. तेव्हा मैदानातील मागच्या निम्म्या श्रोत्यांपेक्षा घरातल्या प्रेक्षकाला कलावंत अधिक जवळून दिसतो व अधिक स्वच्छ ऐकू येतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

यंत्राने संगीत बाटते, ही तक्रारही जुनीच आहे. तबकड्यांच्या काळातही ती झाली होती. पण ज्यांनी खुल्या मांडवातील महोत्सवाचा पायंडा पुण्यात पाडला त्या भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लावले कोणी? लहानपणी अब्दुल करीम खाँ यांच्या ठुमरीची तबकडी त्यांच्या कानी पडली आणि त्या ध्यासाने ते पुढे घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. खाँसाहेब त्यांच्यासमोर बसले नव्हते. समोर एक यंत्र होते. यंत्रातून आलेले गाणे ज्याला भिडायचे त्याला भिडतेच.

मग कॅमेऱ्याने काय दिले, हे पाहावे. या बाबतीत १९६७ सालच्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे भरलेल्या महोत्सवाचे उदाहरण भारतीय श्रोत्याला विशेष जवळचे वाटावे. डी. ए. पेनेबेकर यांनी त्याचे चित्रण केले ते अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीसाठी. कंपनीने ते दाखविले नाही, आणि मग तो चित्रपट म्हणून लोकांपुढे आला. रविवारच्या दुपारी पंडित रविशंकर यांनी तेथे सतार वाजविली. तबल्यावर अल्लारखा होते आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. ते वादन काही तास चालले होते. चित्रपटात त्याचा सुमारे अठरा मिनिटांचा भाग आहे आणि चित्रपटाचा शेवटच त्याने केला आहे. आरंभीची कित्येक मिनिटे सतार ऐकू येते पण वादक दिसत नाही. कॅमेरा मैदानातील तरुण मुलामुलींमधून हिंडत राहतो. कोणी डुलत्या अवस्थेत आहे, कोणी नुसताच गोंधळलेला. मग केव्हातरी तो मंचाकडे वळतो आणि एकदा वळल्यावर त्या दोघांना सोडत नाही. रविशंकरांची बोटे, अल्लारखांचा चेहरा, प्रश्न टाकल्यासारखी एकाची नजर आणि उत्तरादाखल दुसऱ्याचे हसू, यातून सवाल-जवाब म्हणजे काय हे सतार कधी न ऐकलेल्या माणसालाही उमगते. मैदानात शेवटच्या रांगेत बसलेल्याला हे दिसले असेल, असे मुळीच नाही.

संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या जवळिकीचे मोल फार मोठे आहे. मींड काढताना डाव्या हाताचे बोट तार किती बाजूला ओढते, लय वाढवायची असली की गायक तबलजीला कसे सुचवितो, समेच्या आधी दोन मात्रा हार्मोनियमवाला श्वास रोखून कसा थांबतो, गायकाच्या मागे बसलेला शिष्य केव्हा सूर देतो आणि केव्हा गप्प राहतो, या गोष्टी पुस्तकात नसतात, ध्वनिमुद्रिकेत ऐकू येत नाहीत आणि मांडवात दूरवरून दिसत नाहीत. गुरूच्या घरी राहून त्या शिकावयाच्या असतात. ज्याला असा गुरू लाभला नाही, त्याला कॅमेरा त्यातले थोडेबहुत दाखवू शकतो.

अर्थात तो दाखवू शकतो, याचा अर्थ दाखवितोच असे नाही. बहुतेक प्रक्षेपणांत कॅमेऱ्याला एका जागी चार क्षण स्वस्थ बसवत नाही. गायक समेवर येत असतो आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर पहिल्या रांगेतील कोणी प्रतिष्ठित गृहस्थ मान डोलावताना दिसतो. ती मान बहुधा समेवर डोललेली नसते, ही गोष्ट वेगळी. तान चालू असताना वरून फिरणारा कॅमेरा मांडवाची रोषणाई दाखवितो. ग्लास्टनबरीच्या प्रक्षेपणातही झेंडे, टोप्या आणि खांद्यावर बसलेल्या मुली यांचा इतका भरणा असतो की वादकाने कोणते वाद्य हाती घेतले आहे हे कळायला वेळ लागावा. चित्रणाची मांडणी करणाऱ्याला संगीत कळत नाही आणि प्रेक्षकाला कंटाळा येईल याची त्याला सतत भीती वाटते, या दोन गोष्टींतून हा प्रकार होतो. पैकी पहिली उणीव एखादा जाणकार शेजारी बसवून भरून काढता येईल. भीतीवर इलाज करणे अधिक कठीण आहे.

कारण ही भीती शेवटी वेळेवर उतरते. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे झालेला ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी होता आणि तो उपग्रहांद्वारे जगभर दिसला. प्रत्येक कलावंताच्या वाट्याला वीस मिनिटांच्या आसपास वेळ. तो संपत आल्याचे मंचावरील तांबडे-पिवळे-हिरवे दिवे दाखवीत. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाने एकवीस मिनिटांत जे केले त्याची आठवण लोक अजून काढतात. पॉल मॅकार्टनी गायला बसले तेव्हा त्यांचा मायक्रोफोनच बंद पडला आणि आरंभी त्यांचा आवाज ना मैदानात पोचला ना घरोघरी. त्या दिवसाचा हेतू निधी जमविण्याचा होता, म्हणून त्या घाईबद्दल तक्रार करणे अनुचित ठरेल. पण पडद्याच्या मापाने महोत्सव बेतण्याची ती सवय पुढे टिकली. वीस मिनिटांत रॉक संगीताचा एखादा वाद्यवृंद आपली चार उत्तम गाणी गाऊन जातो; वीस मिनिटांत ख्यालगायकाचा राग जेमतेम डोळे उघडतो. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले तेव्हापासून तीन मिनिटांच्या कोठडीत राग कोंबण्याची कसरत आपल्या कलावंतांनी केली, आणि ती अनेकांनी अद्भुत केली हेही खरे. त्या काळी यंत्राचीच तेवढी ताकद होती. आता यंत्राला तशी कोणतीही मर्यादा उरलेली नसताना राग कापून दाखविण्याचे समर्थन कशाच्या आधारावर करावयाचे?

कापाकापीचे आणखी एक रूप डेव्हिड बोवी यांच्या बाबतीत दिसले. २००० सालच्या जूनमध्ये ते ग्लास्टनबरीला गायले. बीबीसीने तो सारा कार्यक्रम चित्रित केला, परंतु प्रत्यक्ष प्रक्षेपणासाठी बोवी यांनी मोजक्याच गाण्यांची अनुमती दिली. जे मैदानात येत नाहीत त्यांना सर्व का द्यावे, असा विचार त्यामागे असल्यास तो समजू शकतो. २०१६ साली बोवी निवर्तले. २०२० साली महामारीमुळे कुरण ओस पडले तेव्हा तो कार्यक्रम बीबीसीने संपूर्ण दाखविला, आणि त्या गायनाचा चढउतार, त्यातली जुन्या-नव्याची गुंफण प्रथमच सर्वांच्या लक्षात आली. वीस वर्षांपूर्वी घरच्या प्रेक्षकांनी पाहिले होते ते त्याचे तुकडे होते. याच्या उलट घडले ते वुडस्टॉकमध्ये. १९६९ सालच्या ऑगस्टातील तो महोत्सव लांबत लांबत सोमवारच्या सकाळवर गेला आणि जिमी हेंड्रिक्स मंचावर आले तेव्हा बहुतेक श्रोते परतीच्या वाटेला लागले होते. आज त्या महोत्सवाचा कळस म्हणून जे वादन ओळखले जाते ते ‘मी तेथे होतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ऐकलेलेच नाही. पुढे चित्रपटगृहात बसून पाहिले.

थेट प्रक्षेपणाला धोकाही असतो. २०२५ सालच्या ग्लास्टनबरीत बॉब व्हायलन या जोडीने मंचावरून इस्रायली सैन्याला मृत्यू चिंतणाऱ्या घोषणा दिल्या आणि बीबीसीवरून त्या तशाच घरोघरी गेल्या. मोठा गदारोळ झाला, बीबीसीने खेद व्यक्त केला आणि यापुढे धोक्याचे वाटतील असे कार्यक्रम थेट दाखविणार नाही असे जाहीर केले. कोणाच्या मरणाच्या घोषणा सार्वजनिक पैशाने प्रसारित होणे असमर्थनीय आहे. त्याचा बंदोबस्त थोड्या विलंबाने प्रक्षेपण करून होऊ शकतो. घोषणा गाळणे वेगळे आणि प्रेक्षक कंटाळेल म्हणून आलाप गाळणे वेगळे. पहिल्याच्या निमित्ताने दुसऱ्याला मोकळीक मिळू नये.

घरच्या प्रेक्षकाकडेही थोडे बोट दाखविले पाहिजे. भिंतीला टेकविलेल्या पातळ संचातील ध्वनियंत्र एवढेसे असते की डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज त्यातून जवळजवळ नाहीसा होतो. उरते ती तबल्याची टकटक आणि अधांतरी तरंगणारा गळा. महोत्सव नीरस वाटला असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी तो अशा संचावर, भाजी निवडत, ऐकलेला असतो. एखादा बरा ध्वनिवर्धक जोडला, किंवा नुसते कानाला लावायचे यंत्र वापरले, तरी निम्मी तक्रार मिटावी.

तरीही सारा भार प्रेक्षकावर टाकून चालणार नाही. ग्लास्टनबरीचे तिकीट २०२५ साली ३७३ पौंड ५० पेन्स होते. ब्रिटनमधील दूरचित्रवाणीचा वर्षभराचा परवाना त्याच वर्षी १७४ पौंड ५० पेन्सचा. ज्याला कुरणावर जाणे परवडत नाही त्याला निम्म्याहून कमी पैशांत वर्षभराच्या इतर कार्यक्रमांसह महोत्सवाचे पाच प्रमुख मंच घरी मिळतात. उरलेले असंख्य लहान मंच मिळत नाहीत, आणि महोत्सवाची खरी गंमत त्यांत असते असे जाणकार म्हणतात. पण मिळते तेही थोडे नाही. आपल्याकडे प्रसार भारतीच्या कायद्याने विविध प्रदेशांच्या संस्कृतींना पुरेसा वाव देण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्रसारणावर टाकलेले आहे. आकाशवाणीने १९५४ सालापासून संगीत संमेलने भरविली आणि निमंत्रितांपुढे झालेल्या त्या मैफिली श्रवणयंत्रापाशी बसलेल्या लक्षावधींना ऐकविल्या. दूरदर्शनने २००२ साली कलांसाठी ‘डीडी भारती’ ही स्वतंत्र वाहिनी काढली. म्हणजे परंपरा आहे, कायदा आहे आणि साधनही आहे. सिरोंच्याच्या शाळेतील शिक्षिकेला डिसेंबरात पाच दिवसांची रजा काढून पुण्याला येणे कसे जमावे? अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून कोणत्या कारकुनाने मांडवात जाऊन बसावे? त्यांच्यासाठी पडदा हा मांडवाचा दुय्यम पर्याय नाही. त्यांना दुसरा मार्गच नाही. त्यांच्यापर्यंत संपूर्ण राग पोचविणे, रागाचे, तालाचे आणि साथीदारांचे नाव पडद्यावर नीट लिहिणे, आणि कलावंतांना प्रक्षेपणाचा योग्य मोबदला देणे, एवढे झाले तरी पाहण्याजोगे काही मिळाले असे म्हणता येईल.

पडदा मांडवालाही एक मदत करू शकतो. ‘सवाई’च्या मैफिली एके काळी रात्रभर चालत, पहाटेचा ललत, सकाळची तोडी तेथे त्यांच्या वेळेला ऐकू येत. ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० साली झालेल्या नियमांनुसार उघड्यावरील ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावे लागतात. वर्षातील ठरावीक दिवशी राज्य सरकारच्या अनुमतीने बारापर्यंत सवलत मिळते. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करता नियमाला नावे ठेवता येत नाहीत. पण त्यामुळे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मोकळ्या मांडवातून जवळजवळ हद्दपार झाले. नियमाने बंदिस्त सभागृहाला मात्र सूट दिली आहे. मांडवातील सत्र दहाला संपल्यावर महोत्सवाच्या एखाद्या रात्री जवळच्या सभागृहात पुढची बैठक घ्यावी आणि ती पहाटेपर्यंत चालू द्यावी. सभागृहात पाच-सातशे माणसे मावतील. बाकीच्यांना ते सत्र दूरदर्शनने घरोघरी, त्या त्या घटकेला, न कापता दाखवावे. रात्री दोन वाजता त्या वेळेसाठी जाहिरातदारांची फारशी झुंबड असण्याचाही संभव नाही.